आधी द, मग ध

शहापूरला हायवेच्या कडेला रत्नमालाचं ऑनलाइन सेंटर होतं, आणि त्या सेंटरातल्या कॉम्प्युटरला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. हात लांबच राहिला, कुणी त्याला जुना म्हटलं तरी तिच्या कपाळाला आठी पडे. कॉम्प्युटर जुना होता हे खरंच. त्यातला ब्राउझर तर त्याहून जुना. रोज सकाळी मशीन सुरू केली की पडद्याच्या मधोमध एक चौकट येई, ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, अद्ययावत करा’, आणि खाली दोन बटणं, ‘आता’ आणि ‘नंतर’. दारातल्या कुत्र्याला हाड म्हणावं तशी रत्नमाला ‘नंतर’ दाबायची आणि कामाला लागायची. सहा वर्षांत एक दिवस यात खंड पडला नव्हता.

याला कारण होतं. जुन्या सरकारी दाखल्यांत काही चुकलं असेल तर ते दुरुस्त करायची एक साइट होती. ती साइट नव्या ब्राउझरमध्ये उघडतच नसे, नुसती पांढरी पाटी दाखवून गप्प बसे. सगळ्या सेंटरवाल्यांनी हौसेनं ब्राउझर बदलले आणि मग डोक्याला हात लावून बसले. रत्नमालाकडे मात्र ती साइट उघडे. त्यामुळे तुमसर म्हणा, लाखनी म्हणा, खुद्द भंडारा म्हणा, कुठंही काम अडलं की माणसाला एकच पत्ता मिळे, “शहापूरच्या बाईकडे जा. तिच्याचकडे उघडते.” हे वाक्य कानावर आलं की रत्नमाला तोंडावर काही दाखवत नसे, पण त्या दिवशी भाजीला दोन मिरच्या जास्त पडत.

शेजारी गोलूचं मोबाइलचं दुकान होतं. तो अधूनमधून येऊन काडी टाकायचा.

“ताई, बदलून टाका नं आता ब्राउझर. जमाना कुठं गेला!”

“जुना झाला म्हणून बदलायचा होय रे गोलू? उद्या म्हणशील, संघपाल जुना झाला, तो बी बदला.”

संघपाल म्हणजे तिचा नवरा. तो वरठीच्या कारखान्यात ड्यूटीवर असल्यानं या बोलण्यातून वाचायचा.

तसा गोलूचा मुद्दा खोटा नव्हता. नवा ब्राउझर घालायचा तर आधी सगळं विंडोज नवं करावं लागे, आणि विंडोज नवं झालं की जुना ब्राउझर कायमचा गेला. परत येण्याची वाट नाही. मग ‘शहापूरची बाई’ आणि रस्त्यावरचं कुठलंही सेंटर यांत फरक काय राहिला? म्हणून चौकट येई आणि रत्नमाला ‘नंतर’ दाबी.

ऑगस्टातला मंगळवार होता. भाताची रोवणी अजून उरकली नव्हती. दुपारच्या आधी एक पोरगी आणि तिची आई सेंटरात आल्या. आईच्या नखांत बांधीतला चिखल तसाच होता, रोवा अर्धा टाकून आली होती बिचारी. पार्वताबाई तिचं नाव. वरठीच्या पलीकडच्या गावची. पोरगी रुचिता, बारावी झालेली, हातात प्लास्टिकची फाइल छातीशी धरलेली.

“ताई, नर्सिंगचा फॉर्म हाये. शुक्रवारी लास्ट डेट हाये. भंडाऱ्याच्या सेंटरवर गेलतो, तं फॉर्म पुढं जाऊनच नाही राहिला. म्हणते, दाखल्यातलं अन् यादीतलं जुळत नाही. तो दादा म्हणाला, ज्यानं दाखल्याचा अर्ज भरला त्यालेच विचारा. अर्ज तुम्हीच भरला होता ताई, मी दहावीत होती तेव्हा.”

रत्नमालाचं अंग तापलं. तिनं भरलेला अर्ज आणि चूक? अकरा वर्षांत तिच्या हातचा एक अर्ज परत आला नव्हता. तिनं दाखला हातात घेतला. नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. धर्माच्या रकान्यात जे लिहिलेलं होतं, ते तर ती झोपेतही लिहील. तिनं आपल्या कॉम्प्युटरवर जुना अर्ज उघडून पाहिला. तिथंही तेच.

“माझ्याकडे तं सगळं बरोबर दिसून राहिलं. भंडाऱ्यावाल्याच्याच डोळ्याले चष्मा पाहिजे.”

पार्वताबाई इतका वेळ बाकावर टेकलीसुद्धा नव्हती. ती पहिल्यांदाच बोलली.

“बाई, आमचा धर्म त्या कॉम्प्युटरले काहून पटत नाही मंग?”

रत्नमालानं स्वतःच फॉर्म उघडून पाहायचं ठरवलं. तिच्या ब्राउझरवर नर्सिंगचा फॉर्म उघडेना, ‘कृपया अद्ययावत करा’ म्हणून तो दारातूनच परत पाठवत होता. शेवटी तिनं फाइल उचलली आणि नाक मुठीत धरून गोलूच्या दुकानात गेली. गोलूकडे नवा लॅपटॉप होता. त्यानं काही न बोलता खुर्ची दिली, एवढी त्याला अक्कल होती.

फॉर्म उघडला. रुचिताच्या दाखल्याचा नंबर टाकला आणि पडद्यावर एकाखाली एक दोन ओळी आल्या. वरची सरकारी यादीतली, खालची दाखल्यातली. खालची ओळ लाल.

वर होतं, ‘बौद्ध’. खाली होतं, ‘बौध्द’.

रत्नमाला चष्मा काढून पडद्याशी वाकली. वर द आधी, ध त्याला बिलगलेला. खाली अर्धा ध आधी आणि द मागून. तिच्या ब्राउझरवर हा फरक कधी दिसलाच नव्हता. तो ब्राउझर जोडाक्षर आलं की त्याचे दोन तुकडे करायचा, एका अक्षराचा पाय मोडायचा, आणि ते बारीक मोडकं अक्षर द आहे की ध, हे पाहायच्या फंदात ती सहा वर्षांत पडली नव्हती. शब्द ती वाचत नव्हतीच, ओळखत होती. छापील दाखल्यावर तरी दिसायला हवा होता म्हणाल, तर दाखल्यावर तसा, लग्नाच्या पत्रिकेवर तसा, वस्तीच्या कमानीवर तसा. जिकडे तिकडे तसाच असला की चूकही बरोबर दिसते.

“ताई, टायपिंग मिस्टेक हाये,” गोलू हळूच म्हणाला.

“मले दिसून राहिलं,” रत्नमाला म्हणाली. तिला फार लाज वाटली. पण लाजेच्याही आधी तिला आठवलं ते असं, की हा शब्द असा लिहायला ती शिकली कुणाकडून.

चिंधू गुरुजींकडून, म्हणजे तिच्या वडिलांकडून. माहेर आणि सासर एकाच गावात, मधे दोन गल्ल्या. गुरुजींचं वय ऐंशीला एक वर्ष कमी. छप्पन साली तेरा वर्षांचे असताना ते आपल्या बापासोबत नागपूरला गेले होते आणि बौद्ध होऊन परत आले होते. पुढे जवाहरनगरच्या फॅक्टरीत टायपिस्ट झाले, वस्तीतले पहिलेच. फॅक्टरीची बस संध्याकाळी फाट्यावर उतरवून गेली की घरी येऊन चहा घ्यायचे आणि ओसरीत टायपिंगचा वर्ग घ्यायचे. एकच मशीन, भंगारातून आणलेली, आणि तिच्यापुढे पोरापोरींची रांग. त्या रांगेतून कोण तलाठी झालं, कोण कोर्टात लागलं, कोण पंचायत समितीत. अर्ध्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांत माझे पोट्टे मशीन ठोकून राहिले, असं गुरुजी अजूनही सांगत आणि सांगताना छाती पुढे काढत. रत्नमालाही त्याच मशीनवर शिकली होती, बाराव्या वर्षी.

मायलेकींना बाकावर बसवून ती माहेरी पोचली तेव्हा गुरुजी जेवायला बसले होते. भात, वरण, जवसाची चटणी.

“बाबा, बौद्ध कसा लिहायचा?”

“आता या वयात विचारून राहिली? ब ले काना, दोन मात्रा. अर्धा ध. मंग द.”

“आधी कोणतं अक्षर म्हटलं?”

गुरुजींचा घास हातातच राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग ताटाकडे पाहिलं. रत्नमालानं रुचिताचं सगळं सांगितलं, लाल ओळीसकट. गुरुजींनी हात धुतला, गमछ्यानं तोंड पुसलं.

“मले मालूम होता, माय.”

“मालूम होता? तं सांगितलं काहून नाही मंग? इतके वर्षं आम्ही चुकीचा लिहून राहिलो! एका पोरीची सीट चालली ना बाबा!” तिचा आवाज चढला. बापावर तिनं जन्मात आवाज चढवला नव्हता.

“मशीन आणली त्या दिवशीची गोष्ट हाये,” गुरुजी म्हणाले. “वस्तीच्या घराच्या जागेचा अर्ज द्यायचा होता. चाळीस घरं. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. अर्ज टाइप करायले बसलो, धर्माची जागा आली, द्धचं बटण ठोकलं, तं कागदावर काहीच उमटेना. त्या अक्षराचा खिळाच तुटला होता. नुसती रिकामी जागा. आता सांग, आमच्या बापानं एवढा ज्याच्यासाठी केला, तो शब्द लिहायच्या जागी मी रिकामी जागा सोडू काय? नव्हतो सोडत. अर्धा ध साबूत होता, द साबूत होता. त्याचाच जोडला अन् लिहिला. अर्ज पास झाला. तू ज्या घरात जन्मली, ते त्याच अर्जाचं घर हाये.”

रत्नमाला त्यांच्यासमोर खाली बसली.

“मंग पोट्टे शिकायले आले. म्हटलं, सध्या असाच शिकवतो, नंतर नवी मशीन आली की बरोबर करून देऊ. नवी मशीन काही आली नाही. एका पोरीनं विचारलं बी होतं. चंद्रकांता. लय हुशार. म्हणे, गुरुजी, पुस्तकात द आधी हाये. मी तिले चूप बसवलं. म्हटलं, नंतर सांगतो.” गुरुजींनी गमछा खांद्यावर टाकला. “नंतरचं नंतर होऊन गेलं.”

रत्नमालाला आपली रोज सकाळची चौकट आठवली आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. बापलेकीचं एकच बटण होतं. ती कुणावर चिडणार?

“चला बाबा,” ती म्हणाली. “शर्ट घाला.”

गुरुजींनी पेटीतला पांढरा शर्ट काढला, खिशाला पेन लावलं आणि लेकीच्या स्कुटीवर मागे बसून आले. आता घोडं पेंड खात होतं ते असं. चूक दिसते नव्या ब्राउझरवर आणि दुरुस्त होते जुन्याच ब्राउझरवर. जुन्यावर तर द कोणता अन् ध कोणता, समजायची सोय नाही. म्हणजे आंधळ्यासारखं, नुसत्या बोटांच्या भरवशावर लिहायचं, आणि बोटं तर तीस वर्षं उलटी वळलेली.

रत्नमालानं दुरुस्तीचा अर्ज उघडला. बौ पर्यंत सरळ गेली आणि बोट आपोआप ध वर गेलं. तिनं पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा ध. गुरुजींनी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि टेबलावर टक्कन मारली, पूर्वी ओसरीत मारत तशी.

“बोटाले नको विचारू. मले विचार. द.”

तिनं द दाबला.

“पाय मोड.”

तिनं पाय मोडला.

“आता ध.”

पडद्यावर पुन्हा तीच मोडकी अक्षरं दिसली. बरोबर आलं की नाही, कुणालाच सांगता येईना. रुचितानं आईचा हात धरला. रत्नमालानं अर्ज पाठवून दिला.

बुधवार गेला. गुरुवार गेला. कचेरीतून काही येईना. या दोन दिवसांत चौकट आली की रत्नमाला ‘नंतर’ दाबायची, पण आता दाबताना तिला ते बटण टोचायला लागलं होतं. शुक्रवारी दहा वाजता मोबाइल वाजला, दुरुस्ती मंजूर. रुचिता आणि पार्वताबाई आठ वाजल्यापासूनच बाकावर बसून होत्या. गुरुजींसकट सगळी वरात गोलूच्या दुकानात गेली. गोलूनं नंबर टाकला. दोन ओळी आल्या, वरची आणि खालची, अगदी जुळ्या, आणि दोन्ही हिरव्या. पार्वताबाईला वाचता येत नव्हतं, तरी रंग कळत होता.

“जुडला?” तिनं विचारलं.

“जुडला, बाई,” रत्नमाला म्हणाली.

रुचितानं बटण दाबलं आणि फॉर्म गेला. पार्वताबाईनं नखांत चिखल असलेल्याच हातांनी गुरुजींना जयभीम घातला. गुरुजींनीही उभं राहून तिला तसाच घातला.

सेंटरात परत येऊन रत्नमाला खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “बास झालं. आजच हा ब्राउझर बदलते. मोडकं दाखवणाऱ्याची फुशारकी कशाले पाहिजे.”

तिनं माउस हातात घेतला, तर गुरुजींची पट्टी टेबलावर पडली.

“थांब. अजून बाकीचे पोट्टे राहिले. दुरुस्ती याच्यावरच होते नं?”

बरोबरच होतं म्हातारं. रत्नमालानं अकरा वर्षांच्या वह्या काढल्या. ज्यांचे ज्यांचे अर्ज तिनं भरले होते त्यांना फोन केले, आणि बाहेर पुठ्ठ्याची पाटी लावली, ‘दाखल्यातील बौद्ध शब्द दुरुस्त करून मिळेल. चूक आमची आहे.’ शेवटचं वाक्य लिहू नका, धंद्याचं खोबरं होईल, असं गोलू म्हणाला. “चूक केली तं केली,” रत्नमाला म्हणाली, “आता लपवली तं दुसरी होईल.” लोक यायला लागले. चिडायला म्हणून आलेले गुरुजींना खुर्चीवर बसलेलं पाहून थबकत, कारण त्यातल्या अर्ध्यांच्या बापाला किंवा आईला गुरुजींनी शिकवलं होतं. गुरुजी जागच्या जागी पुकारत, द, पाय मोड, ध. रत्नमाला दाबत जाई. दीड महिना हेच चाललं. शेवटी शेवटी गुरुजी पुकारायच्या आधीच तिचं बोट द वर जायला लागलं.

धान लोंबीवर आलं तेव्हा वहीतलं शेवटचं नाव संपलं. दुसऱ्या सकाळी मशीन सुरू केली, चौकट आली. आता भंडाऱ्याहून, तुमसरहून कुणी आपल्याला शोधत येणार नाही, हे रत्नमालाला पुरतं ठाऊक होतं. मग तिनं माउस गुरुजींच्या हातात दिला.

“दाबा बाबा.”

गुरुजींनी ‘आता’ दाबलं. सगळं नवं व्हायला दुपार झाली, तोवर बापलेकीनं दोनदा चहा घेतला आणि गोलूनं तीनदा येऊन पाहिलं. नवा ब्राउझर उघडला तेव्हा गुरुजी खुर्ची सरकवून पुढे बसले. दोन्ही मनगटं उचलून, पाठ ताठ ठेवून, त्यांनी एकच शब्द टाइप केला. ब. काना, दोन मात्रा. द. पाय मोडला. ध. आणि पडद्यावर ते अक्षर एकमेकांना बिलगून अखंड उभं राहिलं, बौद्ध. गुरुजी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांना काय वाटत होतं ते विचारायची गरज नव्हती, त्यांचे डोळे भरले होते आणि मान ताठ होती. रत्नमालाला त्या क्षणी आपल्या बापाचा जितका अभिमान वाटला तितका ते ओसरीत पट्टी मारत असतानाही वाटला नव्हता.

“चंद्रकांताचा नंबर हाये काय तुझ्याकडे?” त्यांनी विचारलं.

चंद्रकांता कोर्टात लागली होती. दोन वर्षांपूर्वी मोठी कारकून होऊन रिटायर झाली, आणि आता भंडाऱ्याला राहत होती. रत्नमालानं फोन लावून दिला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून बाईंचा भारदस्त आवाज आला.

“कोण बोलून राहिलं?”

“शहापूरचा चिंधू. टायपिंगवाला.”

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, माणूस बसल्या जागेवरून उठल्यावर येतो तसा.

“जयभीम गुरुजी.”

“जयभीम, माय. तू एक गोष्ट विचारली होती मले. नंतर सांगतो म्हटलं होतं. एक धडा राहून गेला तुमचा.”

“थांबा गुरुजी,” साठ वर्षांची चंद्रकांता म्हणाली. ड्रॉवर उघडल्याचा, कागद फाडल्याचा आवाज आला. “हं. सांगा. कागद घेतला मी.”

गुरुजींनी टेबलावर पट्टी टेकवली.

“लिही,” ते म्हणाले. “आधी द.”